तीन मिनिटांची वांगी

टीव्ही हे करमणुकीचं साधन आहे असं जो कुणी म्हणतो, त्याला मी एकदा जानेवारीतल्या संध्याकाळी घराच्या मातीच्या छपरावर, धाब्यावर नेऊन, दोन्ही हातांत अँटेना देऊन उभा करणार आहे. मग खाली येऊन त्याला ओरडून सांगणार आहे, "हालू नका!" एवढं झाल्यावरही त्याचं मत कायम राहिलं तर मी माझा राग मागे घेईन. तोवर घेणार नाही.

मी मलकापुरात हायस्कुलात भूगोल शिकवतो. बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गल्लीतल्या प्रत्येक माणसाने ते माझ्या तोंडावर मारलेलं आहे. "भूगोलाचे मास्तर, अन् अँटेना कुठी करा ते समजत नाई?" हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं याची गणती नाही. भूगोलाच्या एकाही पुस्तकात अँटेनाचा धडा नाही, हे कुणाला पटत नाही.

याची सुरुवात वांग्यांपासून झाली. आमच्या घरामागे न्हाणीचं पाणी वाहून जायचं, तिथे आमच्या विमलबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, काही वर्षांपूर्वी एक उद्योग सुरू केला. नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे, चुलीतला कोळसा असं काय काय खड्ड्यात भरून त्यातून त्या पाणी गाळून काढू लागल्या, आणि त्या पाण्यावर वांगी, मिरच्या, अंबाडी लावू लागल्या. मी त्या जागेला 'गटार' म्हणत असे. कपडे वाळत घालायला जाताना पाय भरायचे, म्हणून म्हणत असे. माझी चूक एवढीच की चारचौघांतही म्हणत असे.

शेतीखात्यातल्या कुणी तरी ते 'गटार' पाहिलं, कुणाला तरी सांगितलं, आणि डिसेंबरात एक दिवस चक्क टीव्हीवाली माणसं कॅमेरा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी तेव्हा शाळेत चाचणीच्या पेपरावर पहारा देत होतो. घरी आलो तेव्हा दारात फक्त गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या.

"काय विचारलं त्यांनी?" मी विचारलं.

"विचारलं काहीबाही."

"अन् तू काय सांगितलंस?"

"आता दिसनच ना टीव्हीवर," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर अशी लाजल्याचं मला आठवत नाही. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं, की हे आपण पाहायचं. दोघांनी, शेजारी शेजारी बसून.

जानेवारीत टीव्हीवाल्यांचं कार्ड आलं. अमुक रविवारी, सायंकाळी साडेपाचच्या महिलांच्या कार्यक्रमात, तीन मिनिटं. आमच्या भागात दिवाळीनंतर नुकतंच चित्र दिसायला लागलेलं होतं. गल्लीत टीव्ही कुणाकडेच नव्हता. जवळात जवळ होता तो पलीकडच्या पेठेतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे, आणि तो व्यापारी मोठ्या मनाने म्हणाला, "या ना मास्तर, पायरीवर बसून पाहा." पायरीवर! माझी बायको टीव्हीवर येणार आणि तिचा नवरा ती दुसऱ्याच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी बसून पाहणार! मी तडक घरी आलो आणि टीव्ही घ्यायचं जाहीर केलं. मला त्या वेळी कुणी आवरलं असतं तर बरं झालं असतं. पण माझे मित्र आवरणाऱ्यांपैकी नाहीत.

मित्र दोन. एक पंजाबराव, गावाबाहेर तीस एकर आणि एक जीप बाळगून असलेला. दुसरा शेषराव, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. आम्ही तिघे दर रविवारी माझ्या ओसरीत पत्ते खेळतो. यंत्र म्हटलं की शेषरावला सगळं कळतं, आणि त्याला न कळणारं यंत्र अजून निघालेलं नाही, असं तो स्वतःच सांगतो.

"मास्तर, टीव्ही जळगावहून आनू," पंजाबराव म्हणाला. "माही जीप हाय. शनवारी शाळा सुटली का निघू."

आता पंजाबरावची जीप आणि शहर यांचा संबंध कधी आलेला नव्हता. शेताच्या बांधावरून तो जीप सुरेख चालवतो. जळगावात शिरल्यावर त्याने भर चौकात, मधोमध, जीप बंद केली, खाली उतरला, आणि तिथे हात करत उभ्या असलेल्या हवालदारापाशी जाऊन म्हणाला, "रामराम. टीव्हीचं दुकान कोनीकडं हाय हो?" रस्ता विचारायचा तर आधी उतरून रामराम घालायचा, ही आमच्याकडची रीत. बसल्या जागेवरून विचारणं म्हणजे माज. मागे ट्रक, टांगे, रिक्षा, सगळ्यांचे भोंगे एकदम सुरू झाले. हवालदाराने शिट्टी तोंडात धरली ती तशीच राहिली. मग त्याने पंजाबरावला जे काही सुनावलं, ते इथे लिहिणं माझ्या पेशाला शोभणार नाही. मी जीपमध्ये मान खाली घालून बसलो होतो.

"कुठले तुम्ही?" शेवटी तो ओरडला.

"मलकापूरचे."

"मलकापूर?" हवालदाराचा आवाज एकदम खाली आला. "म्या नांदुऱ्याचा. कडूबा. माह्या बहिनीचं सासर मलकापुरातच हाय!"

झालं. पुढची दहा मिनिटं चौकात ते सासर निघालं, त्यातली एक आत्या पंजाबरावच्या चुलतभावाकडे दिलेली निघाली, आणि ट्रकवाल्यांचे भोंगे वाजतच राहिले. दुकानाचा पत्ता कळला. आणि निघता निघता पंजाबरावने जीपमधून मान बाहेर काढून हवालदाराला सांगितलं, "पुढच्या रव्वारी या मंग मास्तराकडं! वयनी टीव्हीवर येनार हायेत! घरचे समदे घेऊन या!"

माझ्या घरचं आमंत्रण पंजाबरावने दिलं, हे लक्षात ठेवा. मी ते मरेपर्यंत विसरणार नाही.

टीव्ही मी मांडीवर घेऊन आणला. लाकडी शटरचा, काळा-पांढरा, गोधडीत गुंडाळलेला. गावात शिरताना पंजाबरावने जीप घराकडे न वळवता मारुतीकडे वळवली. नवी बैलजोडी आधी मारुतीपुढे नेतात, जीपही नेली होती, मग टीव्हीने काय पाप केलं? मी नको म्हणालो. कोण ऐकतो! गोधडी काढून टीव्ही पारावर ठेवला. गुरवाने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि भक्तिभावाने तीर्थ शिंपडलं. पुढून शिंपडलं, बाजूने शिंपडलं, आणि मागच्या जाळीतूनही चांगलं ओंजळभर शिंपडलं.

"अरे, आत विजेचं सामान आहे!" मी ओरडलो.

"मास्तर, तीर्थानं कोनाचं वाईट झालं काय?" पंजाबराव म्हणाला. मी मफलर काढून मागची जाळी पुसायला लागलो.

घरी लावला तर चित्राच्या जागी मुंग्या. शेषरावने लगेच निदान केलं, दोष अँटेनाचा. तीर्थाचा विषय काढायचा नाही असं पंजाबरावने बजावलं होतं. तेव्हा अँटेना सातपुड्याकडे केली. मुंग्या. अजिंठ्याकडे केली. मुंग्या थोड्या मोठ्या झाल्या. अँटेनाला ॲल्युमिनियमची परात बांधली, तेव्हा एक माणूस दिसला, पण तो मधोमध कापलेला, खालचा भाग वर आणि वरचा खाली. गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन एक दिशा सुचवली. दिशा एकूण किती असतात ते मी मुलांना शिकवतो; त्यापेक्षा जास्त सुचवल्या गेल्या.

त्यात धाब्याची भानगड. घर जनकाबाईंचं, आम्ही भाडेकरू. जनकाबाई शेजारच्याच खोल्यांत राहतात आणि धाब्याच्या मातीला पोटच्या लेकरासारखं जपतात. बांबू रोवू देईनात. मग फुटक्या बादलीत दगड भरून त्यात अँटेनाचा बांबू उभा केला. वर चढायलाही त्यांची अट होती. "एकच मानूस चढन. दोन चढले तं माती सरकन. अन् तो एक मानूस म्हनजे भाडेकरू. परक्याचा पाय मले माह्या धाब्यावर नाई पाह्यजे." या अटीचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी एकाएकी चित्र आलं. का आलं ते शेषरावला विचारू नका, तो सांगेल. चित्र आल्याबरोबर गल्ली आली. बुधवारी ओसरी भरली, गुरुवारी आतली खोली भरली. मी माझ्याच घरात शाळेतून येऊन उंबऱ्यावर बसू लागलो, कारण माझ्या खुर्चीवर पोस्टातले बाबू रंगराव बसलेले असायचे. ते सर्वांत आधी यायचे आणि बातम्या संपल्यावर, चित्र जाऊन पडदा नुसता पांढरा झाल्यावरही जरा वेळ थांबायचे, न जाणो परत काही लागलं तर. विमलबाई प्रत्येकाला चहा द्यायच्या. आमच्याकडे आलेल्या माणसाला पाणी-चहा न विचारता बसवणं होत नाही, मग तो माणूस शेजारच्या भिंतीपलीकडून का आलेला असेना.

शुक्रवारी मी त्याच रंगरावांच्या खिडकीवर टीव्हीचं लायसन काढायला गेलो. रंगरावांनी फॉर्म दिला नाही. चष्म्यातून वर पाहिलं.

"घरगुती का सार्वजनिक?"

"घरगुती. माझ्या घरात आहे."

"मास्तर, तुमच्याकडं रोज चाळीस मानूस बसते. ते घरगुतीत कसं बसन? सार्वजनिक प्रदर्शनाचा फॉर्म येगळा असते."

"त्या चाळीस माणसांत पहिलं माणूस तुम्हीच असता रंगराव! माझ्या खुर्चीवर!"

"तेच म्हंतो ना. म्या सोता मोजले, म्हनून तं सांगून राह्यलो."

मी तिथे काय काय बोललो ते पोस्टातल्या रांगेला अजून आठवतं. शेवटी रंगरावांनी घरगुती फॉर्म दिला, पण त्यावर 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात मी 'दोन' लिहिलं तेव्हा त्यांनी एक मोठा श्वास सोडला. त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे आले, खुर्चीवर बसले, आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.

रविवार उजाडला. विमलबाईंनी सकाळीच मागची वांगी तोडली, संध्याकाळच्या भरतासाठी भाजून ठेवली. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. टीव्हीवर जाऊन झालेल्या बाईने टीव्ही पाहायला नवं लुगडं काऊन नेसावं, असं जनकाबाईंनी विचारलं. मला मात्र ते फार आवडलं, आणि मी तसं म्हणालोही. साडेपाचला तीन मिनिटं, आणि त्यानंतर पिक्चर. गल्ली पिक्चरसाठी चार वाजल्यापासून जमत होती, हे मला ठाऊक होतं. म्हणून विमलबाईंनी पाचच्या आतच सगळ्यांचा चहा उरकून घेतला, कपबशा विसळल्या, आणि मी टीव्हीसमोर सतरंजीच्या पहिल्या ओळीत दोन माणसांची जागा उशी टाकून धरून ठेवली. रंगरावांनी उशीवर हात ठेवला तेव्हा मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी तो उचलला.

पाच वाजून दहा मिनिटांनी वारा सुटला. बादलीतला बांबू कलंडला आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

"मास्तर, वर जा!" चाळीस तोंडं एकदम म्हणाली.

"शेषराव, तू जा ना. तुला कळतं."

"भाडेकरूच चढन!" जनकाबाई दारातून गरजल्या.

मी चढलो. बांबू सरळ केला. खालून आवाज आला, "आलं!" मी हात सोडला. "गेलं!" पुन्हा धरला. "आलं!" सोडला. "गेलं!" मी दगड रचले, दोरी बांधली, मफलर काढून तोही बांधला. काही नाही. चित्राला माझा हात पाहिजे होता. का पाहिजे होता हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

"मास्तर, तुम्हीच धरून ठेवा!" खिडकीतून शेषराव. "हालू नका!"

"अरे, साडेपाच होत आले! मला खाली यायचंय!"

"आले तं कोनालेच दिसनार नाई! वयनीलेबी नाई!"

हा मुद्दा बिनतोड होता. निदान तिला तरी दिसू दे, असं मी म्हणालो आणि दात खाऊन उभा राहिलो. थंडी बोचत होती. समोरून पॅसेंजर गाडी शिट्टी देत स्टेशनात शिरली. माझे जुने विद्यार्थी रस्त्याने जाताना वर पाहून नमस्कार करत होते, आणि मला उलट हात करता येत नव्हता. शिक्षकाच्या आयुष्यात अपमानाचे प्रसंग येतात, पण ते वर्गात येतात, चार भिंतींच्या आत.

थोड्या वेळाने खाली गलबला झाला. "या, या! बसा!" हे पंजाबरावचं. मला वाटलं, कुणी तरी आलं असेल. माझ्या घरी कुणी तरी येतच असतं.

मग शेषरावचा आवाज चिरकला, "आल्या! मास्तर, वयनी आल्या!"

"कशी दिसते?"

"हालू नका!"

"अरे, काय बोलते ती?"

"मास्तर, चूप बसा ना, आयकू येत नाई!"

माझ्या बायकोचं बोलणं मलाच सोडून सगळ्यांना ऐकायचं होतं. मला राहवलं नाही. खिडकीतून तुकडाभर तरी दिसेल म्हणून एका हाताने बांबू धरून मी धाब्याच्या कडेला वाकलो. मला कुणाची तरी टोपी दिसली. आणि लगेच खालून असा आरडाओरडा उठला, की कुणाला विंचू चावला असावा. "गेलं! गेलं! मास्तर!" चाळीस माणसं माझ्या नावाने ओरडत होती. मी परत मागे झालो, दोन्ही हातांनी बांबू धरला, आणि सातपुड्याकडे तोंड करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत उभा राहिलो. ते पाणी थंडीचं होतं असं मी इतरांना सांगतो.

तेवढ्यात खाली हशा पिकला. मोठा हशा. रंगरावांचं हसणं मी वेगळं ओळखलं. ती काय बोलली असेल?

"संपलं!" शेषराव म्हणाला. "झाक बोलल्या! मास्तर, हालू मात्र नका, आता पिक्चर हाय."

मी बांबू सोडला. मुंग्या आल्या असाव्यात, कारण खालून माझा उद्धार सुरू झाला. जनकाबाई काही तरी म्हणाल्या, तिकडे मी लक्ष दिलं नाही. शिडीवरून उतरलो. ओसरीतून आत जायला जागा नव्हती. पहिल्या ओळीत, माझ्या उशीवर, हवालदार कडूबा बसलेला होता. शेजारच्या जागेवर त्याची बायको आणि मांडीवर पोर, मागे त्याची बहीण, बहिणीच्या सासूबाई. त्याने मला तिथूनच रामराम घातला आणि म्हणाला, "पॅसेंजर लेट होती मास्तर, पन अगदी टायमावर पोचलो!" तोंडाला बशी होती. बशीत चहा होता. वाफाळणारा.

मी त्या चहाकडे पाहिलं. सगळ्यांचा चहा तर पाचच्या आतच उरकला होता.

मी मागून गेलो, त्या खड्ड्यांतून, वांग्यांच्या रोपांतून, पाय भरवत. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो. विमलबाई हिरवं लुगडं कमरेला खोचून स्टोव्हपुढे बसली होती आणि चहा गाळत होती.

"पाह्यलं तुमी?" तिने मान वर करून विचारलं.

"मी धाब्यावर होतो. तू पाहिलंस ना?"

तिने गाळणं खाली ठेवलं. "जळगावचे पाव्हने आले ना ऐनवक्ती. जनकाबाई म्हनल्या, गावाहून आलेला मानूस बिनचहाचा बसला तं गल्लीचं नाव जाईन. स्टो पेटता पेटेना. पयला कप बाहेर धाडला अन् मंग आयकू आलं का संपलं म्हनून." पदराने हात पुसत ती म्हणाली, "मले वाटलं, तुमी तरी पाहून राह्यले असान."

मला जो राग आला तो कुणाकुणाचा होता हे सांगत बसलो तर पान पुरणार नाही. पंजाबरावचा, कडूबाचा, जनकाबाईंच्या मातीचा, गुरवाच्या तीर्थाचा, रंगरावांच्या चष्म्याचा. आणि त्या व्यापाऱ्याच्या पायरीवर बसायला ज्याला लाज वाटली, त्या माणसाचा सर्वांत जास्त. चपलांच्या शेजारी बसलो असतो तरी दोघांनी पाहिलं असतं.

मी स्टोव्ह बंद केला. दार लावून घेतलं आणि पाटावर, तिच्या अगदी समोर बसलो.

"आता बोल," मी म्हणालो.

"काय?"

"जे तिथे बोललीस ते. तीन मिनिटं. मी पाहतो."

"हट, काहीबी तुमचं!" ती हसली, पण पदर सारखा केला. मग भिंतीकडे पाहत, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखी हात बाजूला सोडून तिने सुरू केलं. पाणी कसं वळवलं, शेंड्या का घातल्या, कोळसा किती दिवसांनी बदलायचा. पहिल्या वर्षी सगळी रोपं मेली ते. दुसऱ्या वर्षी एक जगलं ते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं.

"मंग त्या बाईनं विचारलं का घरचे काय म्हन्तात," ती म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"मग?"

"म्या सांगतलं, आमचे मास्तर ह्याले गटार म्हन्तात. पन ह्याच गटारातल्या वांग्याचं भरीत केलं का दोन डाव मागून घेतात."

तो हशा कशाचा होता ते मला कळलं. माझ्या हाताने धरलेल्या अँटेनातून, माझ्याच खर्चाने, माझी अब्रू सबंध महाराष्ट्रात गेली होती. मी रागाने काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने तोवर ताट पुढे ठेवलं होतं, भाकरी आणि भरीत, वर कच्चा कांदा. मी जेवायला लागलो.

बाहेर दार धडधडलं. "मास्तर! हिरोइन आली अन् चित्र गेलं! वर चढा लवकर!" शेषराव होता. मागून पंजाबराव, रंगराव, चाळीस जण. हवालदाराने बहुधा शिट्टीही वाजवली.

विमलबाईने माझ्याकडे पाहिलं. मी जागचा हाललो नाही. ताट तिच्यापुढे केलं, आणि दुसऱ्यांदा भरीत मागून घेतलं.